रेकॉर्डिंग रात्रीच का तुटतं? घरच्या टीव्ही सर्व्हरचं सामान निवडण्याआधी

दिवसा केलेलं रेकॉर्डिंग स्वच्छ, आणि रात्री लावलेलं एकतर शून्य बाइटचं, नाहीतर निम्म्यावर तुटलेलं. माझ्या घरी हा त्रास सात महिने चालला. तेवढ्या काळात मी ट्यूनर (छत्रीकडून आलेल्या सिग्नलमधून चॅनेल उचलणारा भाग) बदलला, सॉफ्टवेअर दोनदा पुसून नव्याने टाकलं, हार्ड डिस्क नवी आणली. दोष निघाला जिन्यात भिंतीला ठोकलेल्या एका छोट्या स्प्लिटरमध्ये, म्हणजे एका केबलचे दोन फाटे करणाऱ्या डबीत.

घरी टीव्ही रेकॉर्ड करणारा सर्व्हर उभा करणाऱ्यांना हाच किंवा याच जातीचा एखादा त्रास होतोच, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. कोणतं यंत्र घ्यावं, कोणतं सॉफ्टवेअर टाकावं हेही त्याच ओघात येईल. माझ्या मते ही निवड दोषांकडून मागे मागे येत करायची असते. कुठे काय तुटतं हे माहीत नसेल तर महागातलं सामान आणूनही तेच तुटतं.

आधी मांडणी सांगते. आम्ही पुण्यात राहतो. गच्चीवर ६० सेंटिमीटरची छत्री आहे, ती डीडी फ्री डिशसाठी ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहाकडे लावलेली आहे. फ्री डिशवरची बरीचशी चॅनेल खुली आहेत, म्हणजे त्यांना कुलूप नाही, त्यामुळे संगणकात उपग्रहाचा ट्यूनर बसवला की ती सरळ वाचता येतात. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचं तसं नाही. ते प्रक्षेपण कुलूपबंद असतं, साधा ट्यूनर त्यातलं काही उघडू शकत नाही, आणि बॉक्सच्या एचडीएमआय तोंडातून पकडायला गेलात तर तिथेही नक्कल रोखण्याची सोय असते. तेव्हा घरच्या सर्व्हरचा बेत करत असाल तर आपल्याला हवी ती चॅनेल खुली आहेत का, एवढं पहिल्यांदा बघा. बाकी सगळं त्यानंतर.

हे सगळं मी अप्पांसाठी सुरू केलं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा अप्पा विशीत होते, आणि दूरदर्शनवरची मैफल ही त्यांच्यासाठी आजही हातातलं काम बाजूला ठेवून बसून ऐकायची गोष्ट आहे. डीडी भारतीवर किंवा सह्याद्रीवर गाणं रात्री उशिरा असेल तर त्यांना जागवत नाही. मी म्हटलं, रात्री रेकॉर्ड करून ठेवते, सकाळी चहाबरोबर ऐका. आणि नेमकं रात्रीचंच रेकॉर्डिंग मिळेना.

टीव्हीहेडएंड या सॉफ्टवेअरच्या फसलेल्या रेकॉर्डिंगच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे कारण लिहिलेलं असतं. माझ्याकडे रोज एकच कारण यायचं: 'नो इनपुट डिटेक्टेड', म्हणजे सिग्नलच आला नाही. मी सकाळी उठून तपासायचे तर सिग्नल ठणठणीत. साहजिकच संशय सॉफ्टवेअरवर गेला. मग ट्यूनर रात्री झोपी जात असेल असं वाटलं, म्हणून यूएसबीची आपोआप झोपण्याची सोय बंद केली. मग डिस्क. एकेक करून सगळं बदललं, फरक शून्य.

शेवटी एका रात्री लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. टीव्हीहेडएंडच्या स्टेटस पानावर एसएनआरचा (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, त्याचा) आकडा १२ डेसिबलच्या आसपास स्थिर होता. दहा वाजून गेले. अप्पांनी बातम्या संपवल्या, उठले, टीव्हीखालच्या बोर्डावरचं बटण खाली केलं. बॉक्सचा लाल दिवा विझला आणि त्याच क्षणी माझ्या पडद्यावरचा १२ चा आकडा सरळ शून्यावर आला. मी म्हटलं, "अप्पा, ते बटण परत लावा बरं." त्यांनी लावलं. बॉक्स सुरू व्हायला लागतात तेवढे सेकंद गेले आणि सिग्नल परत आला. "अगं, रात्री सगळी बटणं बंद करूनच झोपावं," अप्पा म्हणाले. त्यांचं बरोबरच आहे, आयुष्यभर ते तसंच करत आलेत.

झालं होतं ते असं. छत्रीच्या तोंडावरच्या एलएनबीला (उपग्रहाचा सिग्नल पकडून केबलमध्ये उतरवणाऱ्या डबीला) वीज लागते, आणि ती त्याच केबलमधून खालून वर जाते: १३ किंवा १८ व्होल्ट. ती देतो बॉक्स किंवा ट्यूनर. आमच्याकडे एकच केबल खाली येत होती आणि जिन्यात स्प्लिटर लावून तिचे दोन फाटे केले होते, एक अप्पांच्या बॉक्सला, दुसरा माझ्या ट्यूनरला. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्प्लिटरमध्ये वीज वर जाऊ देणारं तोंड एकच असतं. दुसऱ्या तोंडातून फक्त सिग्नल खाली येतो. त्या तोंडाजवळ बारीक अक्षरात 'पॉवर पास' लिहिलेलं असतं किंवा लाल रेघ असते. आमच्याकडे ते तोंड बॉक्सकडे गेलं होतं. म्हणजे माझा ट्यूनर दिवसभर अप्पांच्या बॉक्सच्या विजेवर जगत होता. बटण बंद झालं की एलएनबी मेला. रेकॉर्डिंग आधीच सुरू असेल तर ते निम्म्यावर तुटायचं, नंतर सुरू व्हायचं असेल तर शून्य.

मी घाईघाईत दोन फाटे उलटे लावले. रात्रीचं रेकॉर्डिंग जमलं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांचा टीव्ही काळा. टीव्हीहेडएंडमध्ये ट्यूनर रिकामा असताना एलएनबीची वीज बंद करण्याचा एक पर्याय असतो, तो माझ्याकडे चालू होता. तो बंद करून भागलं असतं, पण मग सर्व्हर बंद पडला की अप्पांचा टीव्हीही बंद. शिवाय स्प्लिटर स्वतःच साधारण ४ डेसिबल खातो, पावसाळ्यात ते परवडत नाही. म्हणून दोन तोंडांचा एलएनबी बसवून घेतला आणि दुसरी केबल खाली ओढली. दोन्ही तोंडं स्वतंत्र, कोणी कोणाच्या बटणावर अवलंबून नाही. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. नवा सर्व्हर लावणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते: ट्यूनर आणि संगणक निवडायच्या आधी दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन केबली.

आकडे वाचायला शिका

या प्रकरणातून मी जे शिकले ते म्हणजे स्टेटस पानावरचे आकडे. तिथे सिग्नलची ताकद, एसएनआर, न दुरुस्त झालेले ब्लॉक (यूएनसी), टीई आणि सीसी असे रकाने असतात. बहुतेक जण फक्त सिग्नलची ताकद बघतात, आणि तीच सगळ्यात कमी कामाची.

उपग्रहाकडून येणारा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांचा असतो. प्रत्येक पाकिटावर ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. ७ नंतर ९ आला की मधलं ८ हरवलं हे सॉफ्टवेअरला कळतं, आणि सीसीचा आकडा एकाने वाढतो. टीईची गोष्ट वेगळी. ट्यूनरमधली चिप येणारा सिग्नल दुरुस्त करत असते, आणि एखादं पाकीट दुरुस्त झालंच नाही तर त्यावर खराब असल्याची खूण मारून पुढे सोडते. ती खूण म्हणजे टीई.

आता हे दोन शेजारी ठेवून बघा. टीई आणि यूएनसी वाढतायत आणि त्यांच्यासोबत सीसीही वाढतोय, तर दोष ट्यूनरच्या वरच्या बाजूला आहे: छत्री, एलएनबी, केबल, पिन, पाऊस. टीई शून्य, यूएनसी शून्य, एसएनआर स्थिर, पण सीसी मात्र वाढत चाललाय, तर पाकिटं ट्यूनरपर्यंत शाबूत आली आणि त्यानंतर हरवली. म्हणजे यूएसबी, वीज, उष्णता किंवा दमलेला संगणक. आणि सगळेच शून्य असून चित्र तुटतंय, तर तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या प्लेअरमध्ये लावा. नेमक्या त्याच सेकंदाला चौकोन पडले तर दोष फाइलमध्ये आहे, म्हणजे डिस्कवर लिहिताना गडबड झाली. दुसरीकडे स्वच्छ दिसलं तर रेकॉर्डिंगला दोष नाही, दाखवणारं यंत्र अपुरं आहे.

आकडा कसा पडतो हेही बघा. पावसात एसएनआर हळूहळू उतरतो, १२, १०, ८, आणि मग चित्र फुटायला लागतं. वीज गेली तर तो उतरत नाही, एकदम पडतो. माझ्याकडे तो एकदम पडत होता. हा फरक मला आधी कळला असता तर सात महिने वाचले असते.

गच्चीवरचं

पुण्यातून जीसॅट-१५ दिसतो आग्नेयेला, दिगंश (उत्तरेपासून मोजलेला कोन) साधारण १३२ अंश आणि उंची सुमारे ५९ अंश. त्या रेषेत शेजारच्यांचं नारळाचं झाड वाढलं की तीन-चार वर्षांनी सिग्नल अर्धवट व्हायला लागतो आणि कारण सापडत नाही. वाऱ्यात फांदी हलली की चौकोन, वारा थांबला की स्वच्छ. गच्चीवर जाऊन छत्रीसमोर उभं राहून वर बघण्याला पर्याय नाही. मात्र आपली नेहमीची छत्री ऑफसेट जातीची असते, ती जिकडे तोंड करून दिसते त्यापेक्षा पुष्कळ वरचं बघत असते, म्हणून नुसत्या छत्रीच्या तोंडावरून अंदाज बांधू नका.

पावसाळ्यात ज्यांची रेकॉर्डिंग तुटतात त्यांनी आधी पाऊस थांबल्यावर काय होतं ते लक्षात घ्यावं. सरीसोबत तुटून सर गेल्यावर लगेच सावरलं तर ते आकाशातलं पाणी. पण पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी एसएनआर आधीइतका येत नसेल, तर पाणी केबलमध्ये शिरलंय. एलएनबीच्या तोंडावरची पिन उघडा. मधली तांब्याची तार लखलखीत दिसायला हवी. माझ्याकडची काळी पडली होती, आतल्या जाळीवर हिरवट-पांढरी भुकटी जमली होती, आणि ती भुकटी केबलच्या आत वीतभर चढलेली होती. नुसती पिन बदलून भागत नाही, तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो. पिन लावताना बाहेरच्या जाळीचा एखादा केसाएवढा धागाही मधल्या तारेला टेकता कामा नये, टेकला की एलएनबीची वीज तिथेच शॉर्ट. वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळायची. चिकटपट्टी उन्हाने महिन्याभरात सुटते. आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, तारेवरून आत चालत येत नाही.

केबल आरजी-६ घ्या. तीस मीटरला तीही ७-८ डेसिबल खाते, पण केबल टीव्हीवाल्याने सोडून दिलेली जुनी बारीक केबल त्याहून पुष्कळ जास्त खाते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री लावा. तेवढ्या फरकाने साडेतीन डेसिबल मिळतात. ढगफुटीसारख्या पावसात तीही हार मानेल, पण रोजच्या सरींत टिकेल.

ट्यूनर आणि त्याची वीज

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. यूएसबी ट्यूनर दिसायला सोयीचा, पण एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट द्यायचे तर ते येणार कुठून? एलएनबी दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो असं धरा. १८ व्होल्टला ते होतात २.७ वॅट. ही वीज यूएसबीच्या ५ व्होल्टमधून चढवून काढायची तर अर्ध्या अँपिअरहून जास्त लागते, आणि यूएसबी २.० च्या तोंडातून अधिकृतपणे मिळतो अर्धा अँपिअर. ट्यूनरची स्वतःची भूक वेगळीच. म्हणून ज्या उपग्रह-ट्यूनरला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर येत नाही, तो घेऊ नका. माझं हे मत पक्कं आहे.

छोट्या बोर्डावर, म्हणजे तळहाताएवढ्या संगणकावर, हा प्रश्न दुप्पट होतो. रास्पबेरी पाय ४ च्या चारही यूएसबी तोंडांना मिळून १.२ अँपिअर मिळतात. त्यात अडीच इंची हार्ड डिस्क लावली तर ती फिरायला सुरुवात करतानाच जवळजवळ एक अँपिअर ओढू शकते. पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांत तर नेटवर्क आणि सगळी यूएसबी तोंडं एकाच यूएसबी २.० वाटेवरून जातात. एकीकडे ट्यूनरकडून डेटा येतोय, दुसरीकडे डिस्कवर चाललाय, तिसरीकडे नेटवर्कवरून कोणी बघतंय, सगळं त्याच अरुंद गल्लीतून. अशा वेळी टीई शून्य राहतो आणि सीसी वाढतो. बोर्डावरच करायचं असेल तर पाय ४ किंवा ५ घ्या, आणि डिस्क तिच्या स्वतःच्या विजेवर चालणारी घ्या, नाहीतर वीज असलेला हब लावा.

माझ्याकडे आता ऑफिसातून निघालेला जुना संगणक आहे, स्मॉल फॉर्म फॅक्टर म्हणतात त्या आकाराचा. त्याहून छोटे, पुस्तकाएवढे डबेही मिळतात, पण त्यात पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड बसत नाही. मला ट्यूनर कार्डच्या रूपात हवा होता, कारण कार्डाला वीज मदरबोर्डमधून किंवा पॉवर सप्लायच्या वायरीतून मिळते आणि यूएसबीच्या सगळ्या कटकटी संपतात. कार्डासोबत डब्याला अडकवायची आखूड पट्टी आहे ना तेवढं विचारून घ्या, या डब्यात पूर्ण उंचीची पट्टी बसत नाही. रिकामा असताना तो १५ वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवून महिन्याला सुमारे ११ युनिट. बोर्ड याच्या तिसऱ्या हिश्श्यात चालतो हे खरं. पण मला रात्रीची झोप जास्त मोलाची वाटली.

ट्यूनर किती हवेत, यावर एक गैरसमज घट्ट आहे. एका ट्यूनरवर एकच चॅनेल रेकॉर्ड होतं असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात एक ट्यूनर एक अख्खा ट्रान्सपाँडर उचलतो, म्हणजे उपग्रहावरून एका वारंवारतेवर येणारा चॅनेलचा सगळा गठ्ठा. फ्री डिशचा सिंबल रेट (प्रक्षेपणाचा वेग) २९,५०० आणि एफईसी (चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेल्या हिश्श्याचं प्रमाण) ३/४ धरला तर एका ट्रान्सपाँडरवरून साधारण ४० मेगाबिट प्रति सेकंद येतात आणि त्यात बरीच चॅनेल असतात. ती सगळी एकाच ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात. तुम्हाला हवी असलेली चॅनेल कोणत्या ट्रान्सपाँडरवर आहेत ते आधी मांडून बघा. दूरदर्शनची हवी ती दोन-तीन चॅनेल एकत्र आली तर एका ट्यूनरवर घर चालतं.

आणखी एक त्रास, जो दर काही महिन्यांनी परत येतो: लिनक्स अद्ययावत केलं आणि ट्यूनरच नाहीसा झाला. ज्या ट्यूनरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून नसतो, तो बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून घेऊन हाताने बांधावा लागतो, त्याच्या बाबतीत हे होणारच. कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा बांधा. खरेदीच्या आधी त्यातली चिप कोणती आहे ते शोधा आणि तिचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आहे का ते बघा. मोंटाजच्या एम८८डीएस३१०३ या चिपचा आहे, फक्त फर्मवेअरची (चिपला चालवणाऱ्या आज्ञांची) फाइल तिच्या जागी नेऊन ठेवावी लागते. कर्नलच्या नोंदीत 'फर्मवेअर सापडलं नाही' अशी ओळ दिसली तर ट्यूनर बिघडला म्हणून परत पाठवू नका, ती एक फाइलच हवी असते.

उन्हाळ्यात टीव्हीच्या बंद कपाटात ठेवलेला ट्यूनर पहिला अर्धा तास नीट चालतो आणि मग सीसी वाढायला लागतो. हाताला चटका बसत असेल तर कपाटाचं दार उघडं ठेवून एक रेकॉर्डिंग करून बघा. फरक पडला तर कारण सापडलं.

डिस्क

थोडक्यात सांगते. आमच्याकडे साध्या दर्जाच्या चॅनेलला तासाला साधारण १ जीबी लागतो, म्हणजे फार वेगवान डिस्कची गरज नाही. पण तिची मांडणी एफएटी-३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. कसोटी सामन्याचं किंवा रात्रभराच्या संगीत महोत्सवाचं रेकॉर्डिंग चार तासांच्या आसपास 'आपोआप' थांबत असेल तर दुसरीकडे शोधू नका, हेच आहे. लिनक्सवर ईएक्सटी-४ करा. आणि कार्यक्रमाचा पहिला अर्धा मिनिट गायब होत असेल तर डिस्क झोपेतून उठायला वेळ घेतेय. रेकॉर्डिंगच्या डिस्कची झोप बंद करा. ज्या मेमरी कार्डावर बोर्डाची सिस्टिम आहे त्यावरच रेकॉर्डिंग करू नका, कार्ड लवकर संपतं.

घड्याळ

पुण्याच्या आमच्या भागात वीज जाते आणि येते. अशाच एका दिवशी सगळी रेकॉर्डिंग 'टाइम मिस्ड', म्हणजे वेळ हुकली, या कारणाने फसली होती, तेव्हा मी छोटा बोर्ड वापरत होते. बऱ्याच छोट्या बोर्डांना वीज नसताना चालणारं घड्याळ नसतं. वीज आली की बोर्ड शेवटची लक्षात ठेवलेली वेळ धरून उठतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ विचारायला जातो. पण राउटर बोर्डापेक्षा सावकाश उठतो. तोपर्यंत रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चुकीच्या वेळेवर कामाला लागलेलं असतं, आणि मागाहून वेळ एकदम पुढे सरकली की मधलं सगळं हुकतं.

यावर दोन उपाय आहेत आणि मी दोन्ही केले. डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल मिळतं, नाण्याएवढ्या सेलवर चालतं, ते बोर्डाला जोडलं. आणि वेळ जुळेपर्यंत टीव्हीहेडएंड सुरूच होणार नाही अशी सूचना त्याच्या सर्व्हिस फाइलमध्ये घातली. जुन्या संगणकाला घड्याळ असतं, पण त्याचाही सीआर-२०३२ सेल आठ-दहा वर्षांत संपतो. जुना डबा घेतलात तर पहिल्याच दिवशी सेल बदला. त्याच बैठकीत बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर वीज येईल आणि सर्व्हर झोपलेलाच राहील. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागचं बटण 'यूपीएस'वर आहे ना बघा. दुसऱ्या खुणेवर असेल तर वीज बदलताना होणारा खंड पंख्याला कळत नाही, पण संगणक बंद पडू शकतो.

सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरवर मी मुद्दाम शेवटी आले, कारण दोष सहसा तिथे नसतो आणि आपण मात्र सुरुवात तिथूनच करतो.

उपग्रहाच्या ट्यूनरसाठी लिनक्सवर टीव्हीहेडएंड हाच माझा सल्ला. त्याचं सगळं काम ब्राउझरमधून, ९९८१ या पोर्टवर चालतं. वर सांगितलेले आकडे ते उघड दाखवतं, आणि मला तेच त्याचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. मिथटीव्ही २००२ पासून आहे, भक्कम आहे, पण त्याला सोबत डेटाबेस सांभाळावा लागतो. दोन-तीन चॅनेलच्या घरासाठी ते जड पडतं. जेलीफिन दिसायला सुंदर, पण ते उपग्रहाचं कार्ड स्वतः वाचत नाही, त्याला मागे टीव्हीहेडएंडसारखं काहीतरी लागतंच. आमच्याकडे रेकॉर्ड करतं टीव्हीहेडएंड आणि अप्पांच्या टीव्हीवर दाखवतं कोडी नावाचं प्लेअर. विंडोज सोडायचं नसेल तर नेक्स्टपीव्हीआर बघा. आणि आठवड्यातून एखादाच कार्यक्रम हवा असेल तर यातलं काहीच नको. पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणारा फ्री डिशचा बॉक्स मिळतो, तो पुरे.

टीव्हीहेडएंडमध्ये पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी थोड्याच. छत्रीची नोंद करताना युनिव्हर्सल एलएनबी निवडा. फ्री डिशचे ट्रान्सपाँडर ११,७०० मेगाहर्ट्झच्या खाली आहेत, तिथे एलएनबीचा ९७५० हा स्थानिक दोलक (सिग्नल खालच्या वारंवारतेवर उतरवण्याचा आकडा) लागतो, तो चुकला तर काहीच सापडत नाही. कार्यक्रम-पत्रिकेच्या भरवशावर राहू नका. ती रिकामी असते किंवा वेळ पुढेमागे असते, म्हणून मी वार आणि वेळ देऊन टायमर लावते, आधी पाच मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं वाढवून. मैफल वेळेवर संपत नाही, आणि भैरवी कापली गेली तर अप्पांना वाईट वाटतं. पत्रिका बरोबर साडेपाच तास सरकलेली दिसली तर प्रक्षेपणातल्या वेळेचा घोळ आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ईआयटीच्या (प्रक्षेपणासोबत येणाऱ्या कार्यक्रम-पत्रिकेच्या) वेळेचा फरक देण्याची जागा आहे, तिथे दुरुस्त होतं.

एक प्रकार मात्र असा आहे की ज्यात काहीच बिघडलेलं नसतं. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि छत्रीला उपग्रहापेक्षा सूर्याचाच गोंगाट जास्त ऐकू येतो. पुण्यातून जीसॅट-१५ साठी हे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला घडतं, सकाळी अकराच्या सुमारास, काही मिनिटं, ओळीने काही दिवस. टीई आणि यूएनसी वाढतात, एसएनआर हळू उतरतो आणि तसाच परत चढतो, आकाश निरभ्र असतं. पहिल्या वर्षी मी भर उन्हात गच्चीवर जाऊन छत्री हलवली होती, आणि ती जागेवर आणायला डिशवाल्याला बोलवावं लागलं. त्या दिवसांत छत्रीच्या नटांना हात लावू नका, अकराचा कार्यक्रम हवा असेल तर पुनःप्रक्षेपणाचा टायमर लावा.